आमचं गाव दोन ठिकाणी राहतं

२६ जानेवारीची ग्रामसभा आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांची असते. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात आमचं गाव आहे. दसरा झाला की मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमांच्या गाड्या येऊन उभ्या राहतात आणि दिवाळीच्या मागेपुढे निम्म्याहून जास्त घरांना कुलूप लागतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. असे कोयते टोळी करून कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, अहिल्यानगर आणि कर्नाटकातल्या बेळगाव-बागलकोटपर्यंत ऊस तोडायला जातात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की गुढीपाडव्याच्या अलीकडे-पलीकडे परत येतात. मी या गावची सरपंच. लग्नानंतर काही हंगाम मीही कोयता धरला आहे, पहाटेच्या अंधारात मोळ्या बांधल्या आहेत. त्यामुळे जे लिहिते आहे ते ऐकीव नाही.

कायद्याप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या त्यांच्या रूढ तारखा. १ मे आणि १५ ऑगस्टला गाव भरलेलं असतं. २ ऑक्टोबरला माणसं जायच्या गडबडीत असतात. २६ जानेवारीला पारावर बसतात ते घर राखायला मागे राहिलेले आजी-आजोबा. विशेष ग्रामसभा बोलवायला कायद्याची आडकाठी नाही, म्हणून पाडव्यानंतर आम्ही एक जादा सभा घेतो. संध्याकाळी, बायांची भाकरी-कालवणं आटोपल्यावर. त्या सभेत गावात काय झालं ते सांगायचं आणि माणसं बाहेर असताना सरकारने कोणते कायदे केले तेही समजावून द्यायचं, असा आमचा रिवाज पडला आहे.

गेल्या दोन-तीन वर्षांत संसदेने असे काही कायदे केले, की ज्यांचा संबंध थेट आमच्या उंबऱ्याशी येतो. ते वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सरकारचा कुठलाही कागद आधी विचारतो: कुठे? जन्म कुठे झाला, गुन्हा कुठे घडला, काम कुठे मागितलं, शिरगणतीच्या वेळी तुम्ही कुठे होतात. बारा महिने एका जागी राहणाऱ्याला याचं उत्तर सोपं आहे. सहा महिने इथे आणि सहा महिने उसाच्या फडात राहणाऱ्या माणसाला तेच उत्तर महाग पडतं. या एका प्रश्नाभोवतीच आमच्या सभेतली सगळी चर्चा फिरली. तीच इथे मांडते.

जन्माचा दाखला

जन्म-मृत्यू नोंदणीचा मूळ कायदा १९६९ चा. २०२३ मध्ये संसदेने त्यात दुरुस्ती केली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ती लागू झाली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या लेकरासाठी जन्मतारीख आणि जन्मठिकाण यांचा पुरावा म्हणजे फक्त जन्मदाखला. शाळा-कॉलेजचा प्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट, आधार, या सगळ्यांसाठी तोच कागद. त्याआधी जन्मलेल्यांसाठी शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखे जुने पुरावे चालतात. हे मी सभेत मुद्दाम मोठ्याने सांगितलं, कारण "आता आमचंबी जन्माचं कागद लागतंय का गं ताई?" असं विचारत साठीच्या बाया ग्रामपंचायतीत येऊ लागल्या होत्या.

नोंद कुठे होते, हा यातला कळीचा भाग. जन्म जिथे झाला तिथल्याच निबंधकाकडे नोंद होते, आई-बाप कुठल्या गावचे हे तिथे पाहत नाहीत. ग्रामीण भागात निबंधक म्हणजे ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. दवाखान्यात बाळंतपण झालं तर कळवायची जबाबदारी दवाखान्याची. घरी झालं तर घरातल्या कर्त्या माणसाची. चालत्या गाडीत झालं तर गाडी पुढे पहिल्यांदा जिथे थांबेल तिथे नोंद होते.

आता हे आमच्या बायांना लावून बघा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे नोंद माहेरच्या गावात किंवा तिथल्या दवाखान्यात. ते निदान नात्यातलं गाव असतं. पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला दिवस भरत आलेली बाई नवऱ्याबरोबर फडावर असते. दोघांची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, एकटा नवरा अर्धा कोयता ठरतो. ती खोपीतच बाळंत होते, नाहीतर दवाखान्याच्या वाटेवर गाडीत. ज्या गावाच्या हद्दीत ती खोपी, तिथल्या ग्रामपंचायतीत नोंद व्हायला हवी. त्या गावात तिला कोणी ओळखत नाही आणि पंधरा दिवसांत टोळी पुढच्या गावच्या फडाला लागलेली असते.

माझ्या गावातली एक बाई पट्टा पडल्यावर तीन महिन्यांचं लेकरू घेऊन आली. "ताई, हिचं नाव आपल्या वहीत घ्या," म्हणाली. मला ते घेता येत नव्हतं. जन्म आमच्या हद्दीतला नाही, आमच्या रजिस्टरला नोंद केली तर ती खोटी नोंद होते. मग तिचा दीर दोनशे-अडीचशे किलोमीटरवरच्या त्या गावी गेला, ज्या शेतकऱ्याच्या उसात टोळी उतरली होती त्याला शोधलं, तिथल्या आशाताईंनी बाळंतिणीला पाहिलं होतं त्यांचं लेखी घेतलं, तेव्हा कुठे अर्ज झाला. जाण्यायेण्यात आणि खाड्यात गेलेले पैसे त्या घराला परवडणारे नव्हते.

म्हणून मुदती प्रत्येकाला पाठ हव्यात. २१ दिवसांच्या आत कळवलं तर नोंद फुकट होते. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क भरून होते. ३० दिवस ते एक वर्ष झालं तर जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी लागते. पूर्वी यासाठी नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र लागायचं, आता स्वसाक्षांकित कागद चालतो. ही सवलत गरिबाच्या कामाची आहे. एक वर्षाच्या वर गेलं तर पूर्वी कोर्टात जावं लागायचं, आता जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी आदेश देतात. मात्र २०२५ मध्ये राज्य सरकारने उशिराच्या नोंदींची पडताळणी कडक केली, त्यामुळे पुरावा नीट जोडल्याशिवाय हे काम होत नाही. नोंद झाली की सात दिवसांत दाखला द्यायचा, असंही नव्या कायद्यात आहे. आई-बापाचा आधार क्रमांक असेल तर तो द्यायचा.

नावाचाही घोळ होतो. फडावर जन्मलेल्या लेकराचं बारसं आमच्याकडे गावी परतल्यावर, आत्या-मामाच्या साक्षीने होतं. तोवर दाखल्यात नावाचा रकाना कोरा राहतो. नोंद झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क लावता येतं. पुढे शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत लावता येतं. पण लावायचं ते जिथे नोंद झाली त्याच कार्यालयात. म्हणून मी बायांना सांगते, बारसं थाटात गावी करा, पण नाव फडावरच ठरवा आणि नोंदीबरोबर लिहून घ्या.

शाळेचं एक स्पष्ट करते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून कुठल्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. ते कलम अजून जागेवर आहे, कोणी परत पाठवलं तर माझ्याकडे या. पण ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेली लेकरं २०२९-३० च्या सुमाराला पहिलीत जातील. तोवर हात बांधून बसलो तर आधार, शिष्यवृत्ती, वसतिगृह, प्रत्येक दारात त्यांना अडवलं जाईल. आत्ताच ती कागदावर यायला हवीत.

मृत्यूचंही तसंच. फडावर माणूस गेला तर नोंद तिथली. अपघात असो की साप चावलेला असो, विधवेची पेन्शन, वारस नोंद, विम्याची रक्कम हे सगळं त्या दाखल्यावर अडतं. दवाखान्यात मृत्यू झाला तर मृत्यूचं कारण लिहिलेलं प्रमाणपत्र जवळच्या नातेवाइकाला द्यायला नव्या दुरुस्तीने बांधून घातलं आहे. दुःखात असलात तरी तो कागद घेतल्याशिवाय तिथून निघू नका.

तक्रार कुठल्याही ठाण्यात

जन्माचा कायदा माणसाला जन्म झाला त्या जागेवर परत नेतो. फौजदारी कायद्यातला बदल मात्र आमच्या सोयीचा आहे. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. कलमांचे जुने आकडे बदलले. ते पाठ करायची आपल्याला गरज नाही. कामाचं आहे ते नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३.

हे कलम म्हणतं, दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, त्याची खबर कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. यालाच शून्य क्रमांकाचा गुन्हा म्हणतात. ठाणं तो नोंदवून घेतं आणि ज्या हद्दीत घडला तिकडे पाठवतं. पूर्वीही सूचनांच्या आधारे हे व्हायचं, पण आता ते कायद्याच्या कलमातच लिहिलं आहे. खबर तोंडी देता येते, मोबाइलवरूनही पाठवता येते. तशी पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. नोंदलेल्या खबरीची प्रत फुकट मिळते. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

आमच्यासाठी हे मोठं आहे. फडावर बाईची छेड काढली, हिशेबावरून मारहाण झाली, तर तिथे तक्रार करायला माणूस धजत नाही. ठाणं अनोळखी, गाव अनोळखी, रात्री परत त्याच खोपीत झोपायचं. गावी आल्यावर इथल्या ठाण्यात जायचं तर "जिथं घडलं तिथं जा" हे उत्तर ठरलेलं होतं. आता तसं म्हणता येत नाही. उचल फिटली नाही म्हणून माणसाला, त्याच्या बायकोला किंवा लेकराला अडकवून ठेवणं हाही गुन्हा आहे. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे. उचल हा पैशाचा व्यवहार आहे, त्यापोटी माणूस तारण ठेवता येत नाही. हे मी मुकादमांसमोर सांगितलं, कारण तेही याच गावचे आहेत आणि कारखान्याकडून घेतलेल्या पैशाच्या ओझ्याखाली तेही असतात.

रोजगाराचा नवा कायदा

१९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी महाराष्ट्रभर उभी राहिली. १९७७ मध्ये राज्याने तिचा कायदा केला. २००५ चा देशाचा कायदा त्याच वाटेने आला आणि त्याने घराला वर्षाला १०० दिवस कामाची हमी दिली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. 'विकसित भारत रोजगार आणि आजीविका हमी मिशन, ग्रामीण' असं त्याचं लांबलचक नाव आहे, बातम्यांत 'जी राम जी' म्हणतात.

त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले. मजुरी दर आठवड्याला, फार तर पंधरवड्यात द्यायची. काम मागून १५ दिवसांत मिळालं नाही तर बेकारी भत्ता. पूर्वी अकुशल मजुरीचा पूर्ण खर्च केंद्र करायचं, आता आपल्यासारख्या राज्यात केंद्राने ६० आणि राज्याने ४० टक्के उचलायचे आहेत. राज्याने हा भार पेलला तरच १२५ दिवस खरे होतील. आणखी एक तरतूद आहे. पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात मिळून ६० दिवस ही कामं बंद ठेवायची, ते दिवस राज्य सरकार जाहीर करणार.

सभेत यावर सगळ्यात जास्त बोलणं झालं. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. १२५ दिवसांचे ३९ हजार होतात, तेही सबंध घराचे मिळून. एका कोयत्याची उचल आता लाखाच्या घरात गेली आहे आणि ती कामाआधी हातात पडते. शिवाय २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. एवढ्याने माणूस ऊसतोड सोडेल असं मी म्हणत नाही. पण ज्या घरात गरोदर सून आहे, दहावीची पोरगी आहे, आजारी म्हातारी आहे, त्या घराला एक हंगाम तरी मागे राहता यावं एवढी ताकद या कामात आहे. त्यासाठी काम दसऱ्याच्या आधी हातात यायला हवं. घर उचल घेतं की नाही हे त्याच दिवसांत ठरतं. बंदीचे ६० दिवस नेमके तेव्हा आले, तर आमच्या डोंगरपट्ट्याला हा कायदा असून नसल्यासारखा होईल. जिल्हा, तालुका किंवा गावाच्या शेतीप्रमाणे वेगवेगळे दिवस ठरवायची मुभा कायद्याने राज्याला दिली आहे. म्हणून ग्रामसभेने ठराव केला, की आमच्या भागात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कामं बंद ठेवू नयेत. तो ठराव तहसीलला दिला आणि त्याची पोच घेतली. काम मागायचं तर लेखी अर्ज देऊन त्याची तारखेसह पोच घ्यायची, हेही परत सांगितलं. पोच नसेल तर भत्ता मागायला पुरावा राहत नाही.

शिरगणती

पुढची गोष्ट नव्या कायद्याची नाही, पण निकडीची आहे. देशाच्या जनगणनेत माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये व्हायची आहे, संदर्भ दिवस १ मार्च २०२७. फेब्रुवारीत आमचं गाव फडात असतं. मोजणीच्या सबंध काळात घरी नसलेला माणूस जिथे सापडतो तिथे मोजला जातो. २०११ ची मोजणीही फेब्रुवारीतच झाली होती. वित्त आयोगाचा निधी, पाण्याच्या योजनेचं गणित, सगळं त्या आकड्यावर चालतं. पाणी पिणारी माणसं जास्त आणि कागदावरची कमी, असं गाव वर्षानुवर्षं तहानलेलं राहतं. तारीख आपल्यासाठी बदलणार नाही. पण खोपीतलं एकही माणूस मोजणीतून सुटू नये आणि हंगामी स्थलांतराचा वेगळा हिशेब पुढे निधी ठरवताना धरावा, अशी आमची मागणी आहे.

गावाने काय केलं

आम्ही एक स्थलांतर नोंदवही सुरू केली. कोण कुठल्या मुकादमाबरोबर, कुठल्या कारखान्याला गेलं, सोबत लेकरं किती, गरोदर कोण, कितवा महिना, फोन कोणाचा. ही वही आशाताई, अंगणवाडीताई आणि ग्रामपंचायत मिळून भरतात. गरोदर बाईच्या हातात जाताना एक चिठ्ठी देतो, त्यावर नोंदणीच्या मुदती मोठ्या अक्षरात असतात. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या ओळखपत्रासाठी ग्रामसेवकांमार्फत नोंदणी होते, ती आम्ही निघण्याआधी पुरी करून घेतो. २०१९ मध्ये गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. तेव्हापासून बायांची तपासणी जाण्याआधी आणि आल्यावर व्हावी, हा आमचा आग्रह आहे.

शाळेत हंगामी वसतिगृह चालतं, त्यामुळे बरीच लेकरं आता आजी-आजोबांजवळ राहून शिकतात. तोडणीला गेलेली पोरं कमी झाली, ही मला सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.  

उसाच्या पट्ट्यातल्या सरपंचांना

आमच्या गावाने आमच्या बाजूचं काम केलं, तरी अर्धं काम तुमच्या हातात आहे. कोल्हापूर-सांगलीपासून नगरपर्यंतच्या ज्या गावांच्या शिवारात आमच्या खोप्या पडतात, तिथल्या सरपंचांना, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आणि आशाताईंना मी हात जोडून विनंती करते. कारखाना सुरू झाला की एकदा खोप्यांवर फेरी मारा. गरोदर कोण आहे ते विचारून ठेवा. लेकरू जन्मलं तर आई-बाप येण्याची वाट बघू नका, टोळी हलायच्या आत तुमच्या रजिस्टरला नोंद करा, नाव विचारून लिहा आणि दाखला आई-बापाच्या हातात द्या. शेतकऱ्याने आणि मुकादमाने जन्माची खबर तुम्हाला कळवली तरी पुरे. २१ दिवसांच्या आत या नोंदीला एक रुपयाही लागत नाही. तेवढं झालं, तर त्या लेकराला पुढची अठरा वर्षं कुठल्याही दारात आपण कुठले हे पटवत उभं राहावं लागणार नाही.